पितळेची पट्टी

सोमवार, १७ मार्च

मामांचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांची कवळी घासत होते. भैरोबाच्या कोठीचं कुलूप अडकलंय म्हणाले. यात्रेआधी कुलपात तेल सोडून बघावं म्हणून सगळे जमले, दोन्ही किल्ल्या घातल्या आणि उजवी किल्ली जागची हलेना. पोरं ग्राइंडर आणायला निघाली होती, मामांनी त्यांना अडवलं. म्हणाले, "म्हटलं, थांबा लेकांनो. आमची अनू हाय की. दात काढती तशी कुलपं बी काढती."

शिरूरमध्ये मला दातांची डॉक्टर म्हणून ओळखणारे जितके, तितकेच आता कुलूपवाली बाई म्हणून ओळखणारे झालेत. दवाखान्याच्या मागच्या खोलीत जुन्या दारांची कुलपं टांगलेली आहेत. बहुतेक सगळी सत्यजीतनं आणून दिलेली. सत्यजीत म्हणजे मामांचा मुलगा, मामांना तो आबा म्हणतो. सणसवाडीची नोकरी सोडल्यापासून तो गावोगावची पडकी घरं धुंडाळतो, जुनी दारं, समया, हंडे गोळा करतो आणि पुण्याच्या फार्महाऊसवाल्यांना विकतो. कुलूप सापडलं की मात्र आधी ताईला. दात साफ करायच्या हत्यारांनी गंज कोरण्यात जी मजा आहे ती दुसऱ्या कशात नाही. शिवाय कुलूप 'आई गं' म्हणत नाही.

पण कोठीचं कुलूप म्हणजे खेळ नाही. त्याची डावी किल्ली भावकीतल्या थोरल्या पातीकडे, म्हणजे हौसरावमामांकडे. उजवी धाकट्या पातीकडे, म्हणजे दौंडला राहणाऱ्या बबनरावआप्पांकडे. दोन्ही फिरल्याशिवाय ते उघडत नाही, आणि आत देवाचा चांदीचा मुखवटा आहे. वर्षातून एकदा, चैत्र वद्य अष्टमीला, दोघं शेजारी उभे राहून कोठी उघडतात. एरवी ही दोन घरं एकमेकांच्या सावलीलाही उभी राहत नाहीत. पालखीला पहिला खांदा कुणाचा यावरून मागं एकदा कोयते निघाले होते. मामांच्या कपाळावरची खूण तेव्हाची, आणि आप्पांच्या पुतण्याचा हात अजून सरळ होत नाही.

सुमित म्हणाला, "गावच्या देवाचं रूट कॅनाल करायला तुला कुणी सांगितलंय?" नवऱ्याला कळत नाही. आई-वडील गेल्यावर मामांनी मला वाढवलं, शिकवलं, त्यांच्याच दारात माझं लग्न लागलं. माझं माहेर म्हणजे मामांचा उंबरा. त्यांनी मागितलं आणि मी नाही म्हटलं, असं कसं होईल?

रविवार, २३ मार्च

गावी जाऊन आले. दोन्हीकडची माणसं देवळाच्या ओट्यावर समोरासमोर बसली होती, मध्ये मी आणि कुलूप. रॉकेल, ब्रश आणि दात तपासायचा छोटा आरसा, एवढ्यावर अर्धी दुपार गेली. शेवटी उजवी किल्ली कुरकुरत फिरली आणि कडी सुटली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण दोन्हीकडच्या बायकांनी एकदमच हात जोडले.

दुरुस्तीसाठी कुलूप शिरूरला न्यायला दोघांनीही होकार दिला. तोवर कोठीला दोन साधी कुलपं, एकेक किल्ली एकेकाकडे. आप्पांनी त्यांची जुनी किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा ती सोडायला त्यांना जरा वेळच लागला. म्हणाले, "पोरी, तू त्यांची भाची. पण डॉक्टरीनबाई म्हणून देतोय." मला हसू आलं होतं. आता लिहिताना येत नाही.

मंगळवार, १ एप्रिल

कुलूप खोलून आठवडा उलटला. आतलं काम बघून हात जोडावेसे वाटतात. एक जाड लोखंडी दांडा आहे, तो सरकला की कडी सुटते. डावी किल्ली हा दांडा ओढते. उजव्या किल्लीच्या बाजूला दोन पट्ट्या आहेत, एक लोखंडाची आणि एक पितळेची. लोखंडी छान हलते. पितळेची वाकडी होऊन बसली आहे आणि सगळा घोळ तिनंच घातलाय. तिची स्प्रिंग तुटली आहे, रिवेटही बाकीच्या रिवेटांपेक्षा नवा दिसतो.

आज सत्यजीत आला होता. बराच वेळ भिंग लावून बघत बसला. म्हणाला, "ताई, हे पितळ नंतर कुणीतरी ठोकलंय बघ. ओरिजनल न्हाई. तूच म्हंतीस ना, जुन्या वस्तूवरलं नंतरचं ठिगळ आधी काढायचं?"

म्हणते खरी. आमच्यासारख्या हौशी लोकांचा हा पहिला धडा. वस्तू मूळ रूपात आणायची, मागच्यांनी मारलेले जोड काढून टाकायचे. सगळं कुलूप लोखंडाचं आणि मध्येच हे एक पिवळं, डोळ्याला खुपतच होतं. शिवाय लोखंडी पट्टी आहेच की दांडा अडवायला. दुपारी रिवेट उडवला आणि पट्टी काढून ट्रेमध्ये ठेवली. किल्ल्या लोण्यासारख्या फिरायला लागल्या.

माझ्या खुळाप्रमाणे आतल्या भागांचे, दातांचे घेतो तसे, साचे घेऊन प्लास्टरमध्ये ओतले. सत्यजीतनं फोटो काढले. माझ्या कामात एवढा रस घेणारा घरात तो एकटाच. त्याच्या लग्नाचं जमत नाही याचं मला फार वाईट वाटतं. इतका मायाळू मुलगा.

रविवार, ६ एप्रिल

रामनवमी. कुलूप कोठीला चढलं. मामांनी डावी, आप्पांनी उजवी किल्ली घातली, दोघांनी एकदम फिरवली आणि कडी टक्कन सुटली. मग बंद केलं, पुन्हा उघडलं. आप्पा म्हणाले, "आमच्या आज्याच्या येळला बी इतकं हलकं नसंल." मामांची छाती फुगलेली मला पाठमोरीही दिसत होती. जेवताना त्यांनी माझ्या ताटात स्वतः पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. मला लहान झाल्यासारखं वाटलं.

बुधवार, ९ एप्रिल



दुपारी पेशंट नव्हता म्हणून ट्रे आवरत होते. पितळेची पट्टी तशीच पडलेली. चिंच लावून घासली तर एका टोकाला झिजेची बारीक खूण दिसली. कशावर तरी वर्षानुवर्षं टेकल्याशिवाय पितळ असं झिजत नाही. दांड्याचा प्लास्टरचा नमुना समोरच होता. त्याला एक खाच आहे. मला तेव्हा वाटलं होतं, गंजानं खाल्लंय. पट्टी त्या खाचेवर धरली. अक्कलदाढ हिरडीत बसावी तशी बसली.

म्हणजे दांडा अडवणारी पट्टी हीच होती. लोखंडी पट्टी नुसती किल्लीचं भोक झाकणारी झडप आहे. उजवी किल्ली आता फिरते, टक्क वाजते, आणि काहीही करत नाही. कुलूप डाव्या किल्लीनं उघडतं. एकट्या डाव्या. दोघं नेहमी एकदम फिरवतात म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी तपासलं तेही दोन्ही किल्ल्या घालूनच. मी, जी पेशंटला चारदा चावून दाखवायला लावते.

डावी किल्ली मामांची. मी मामांची भाची. दोन घरांच्या कुलपाचं मी एका घराचं कुलूप केलं, आणि तेही आमच्या घराचं. हे धाकट्या पातीला कळलं तर चूक झाली असं कोण म्हणेल? मुद्दाम केलं म्हणतील. आणि मग कोयते पुन्हा निघतील. मामा सत्तरी ओलांडलेले आहेत.

गुरुवार, १० एप्रिल

सकाळी एका बाईंच्या हिरडीत सुई टोचताना हात हलला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दोन अपॉइंटमेंट रद्द केल्या.

सुमितला सांगितलं. कंपनीच्या बसमधून उतरून घामेजलेला आला होता, बूटही न काढता खुर्चीत बसला. नेहमीसारखा चिडवेल असं वाटलं होतं, पण नाही चिडवलं. म्हणाला, मामांना सांग. मी म्हटलं, मामांना सांगितलं की त्यांच्यापुढे दोनच वाटा. गप्प बसले तर ते खोटे ठरतात, आणि बोलले तर त्यांचीच भाची खोटी ठरते. ज्या माणसानं मला पोसलं त्याला मी अशा कात्रीत कशी धरू?

शेवटी सत्यजीतला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तू पयली घाबरू नको. कुणाला म्हंजी कुणालाच सांगू नको. आबांना तर बिलकूल न्हाई. किल्ली आपल्या देव्हाऱ्यात हाय, आपण काय चोर हाय का?" किती धीर आला मला. माझी चूक मी तासभर रडत सांगितली आणि त्यानं एका शब्दानं दोष दिला नाही.

शनिवार, १२ एप्रिल

सत्यजीत येऊन पट्टी घेऊन गेला. देवळाला रंग द्यायचं काम चालू आहे, पुजारी दुपारी जेवायला जातो तेव्हा कुलूप काढून पट्टी बसते का बघतो म्हणाला. मी स्प्रिंग, नवा रिवेट, सगळं एका डबीत घालून दिलं, कसं ठोकायचं तेही कागदावर काढून दिलं. त्यानं डबी खिशात टाकली. माझ्या डोक्यावरचं ओझं निम्मं उतरलं.

त्याच्याबरोबर गाडीत पुण्याचा एक गृहस्थ होता, जुन्या वस्तूंचा शौकीन. मुखवट्याबद्दल फार आस्थेनं विचारत होता. किती जुना, कुठल्या घडणीचा, भरीव की पोकळ. यात्रेच्या गर्दीत नीट दर्शन होत नाही, त्याआधी निवांत बघायला मिळेल का म्हणाला. मी सांगितलं, अष्टमीशिवाय कोठी उघडत नाही. त्यावर दोघंही हसले. देवभोळी माणसं असतात अजून.

सोमवार, १४ एप्रिल

आज दवाखाना बंद. राहवेना म्हणून एसटीनं न्हावऱ्यावरून दौंडला गेले. आप्पांना तोंडानं सांगून टाकावं असं ठरवूनच निघाले होते. जयंतीमुळे दौंडात सगळीकडे निळे झेंडे, मिरवणुकीची तयारी, पोरं नवे कपडे घालून फिरत होती. त्या गर्दीतून चालताना वाटलं, आजच्या दिवशी तरी खरं बोलावं.

आप्पांच्या दारात गेले तर तुळजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला ओढूनच आत नेलं. आप्पांना वाटलं मी त्यांच्या कवळीसाठी आले. लगेच काढून हातात दिली. आता घ्या! कवळी हातात असलेल्या माणसाला काय सांगणार? मी ती धुतली, एक कड टोचत होती ती माझ्या कानशीनं घासली. भिंतीवर घड्याळाशेजारी त्यांची किल्ली टांगलेली होती, तिला हळदीकुंकू वाहिलेलं होतं.

कवळी बसवून आप्पा बोलायला लागले. "हौसरावाचं आन् माझं काय जमत न्हाई, तुला ठावं हाय. पण खरं सांगू का? त्या कुलपामुळं वर्साला एकदा तरी खांद्याला खांदा लागतो. त्ये कुलूप नसतं तर आमच्यातला एक जण तवाच मेला असता."

 चहा प्यायले, नमस्कार केला आणि न सांगताच निघाले. स्टँडवर बसले तेव्हा शेजारच्या बाईनं पाणी विचारलं. मी भित्री आहे, हे आज मला पुरतं कळलं.

बुधवार, १६ एप्रिल

पट्टी हरवली.

सत्यजीत म्हणतो, मोटारसायकलवर खिशातून डबी पडली, घोड नदीच्या पुलापाशी. शोधली पण मिळाली नाही. लहानपणापासून वेंधळाच तो, शाळेत दर महिन्याला चप्पल हरवायचा. त्याच्यावर ओरडावं म्हटलं तर तोच इतका हिरमुसला होता की मीच समजूत घातली.

प्लास्टरच्या नमुन्यावरून मी पितळेची नवी पट्टी कापायला घेतली. तर तो म्हणाला, आता नको, यात्रा होऊ दे, देवळात रंगाऱ्यांची वर्दळ आहे, कुणी बघितलं तर जास्त बोभाटा होईल. मग मी म्हटलं, निदान किल्ली तरी मामांच्या उशाशी ठेव, देव्हाऱ्यात उघडी नको. तो म्हणाला, "किल्लीची काळजी तू सोड. ती माझ्यावर सोड."

रात्री जेवण गेलं नाही. कुठं कुत्रं भुंकलं तरी गावाकडून फोन येईल असं वाटतं. फोन वाजला की आधी नाव बघते, मग श्वास घेते.

शुक्रवार, १८ एप्रिल

आज एक नवीनच भीती मनात शिरली आणि बसली. समजा कुणी चोर कोठीत शिरला. कुलूप न तुटता मुखवटा गेला. मग? गाव म्हणेल, दोन्ही किल्ल्यांशिवाय उघडत नाही, म्हणजे दोघांपैकी एकानं दुसऱ्याची किल्ली चोरली. आप्पा मामांना चोर म्हणतील, मामा आप्पांना. आणि खरं काय ते माहीत असणारी मी एकटी, दवाखान्यात बसून लोकांचे दात साफ करत असेन. म्हणजे, सुमित सोडला तर मी आणि सत्यजीत.

सुमितला हे बोलून दाखवलं. तो कपबशी ठेवत म्हणाला, "मग तू कुणाला घाबरतेस, ते एकदा नीट ठरव." त्याचं हे असं तुटक बोलणं मला आवडत नाही. सत्यजीतबद्दल त्याच्या मनात पहिल्यापासून अढी आहे.

रविवार, २० एप्रिल

नवी पट्टी तयार झाली. हातानं कापली, कानशीनं घासली, नमुन्यात बसवून बघितली. चांगली झाली आहे. पण ती बसवायची तर कुलूप उघडायला हवं, आणि चोरून उघडलं की मी खरोखरच ती ठरेन जी लोक मला म्हणतील.

उद्या अष्टमी. मी सगळ्यांसमोर सांगणार. माहेर तुटेल. तुटू दे असं लिहिलं आणि खोडलं. तुटू नये असं फार वाटतं. पण मामांच्या कपाळावर दुसरी खूण झालेली मला बघायची नाही.

सत्यजीतला हे कळवलं. पहिल्यांदाच तो माझ्यावर चिडला. "ताई, तुला आबांची अब्रू घालवायचीय का?" म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचं म्हणणं खरं आहे, म्हणून जास्त लागलं. मग मीच पुन्हा फोन लावला, त्यानं उचलला नाही.

सोमवार, २१ एप्रिल

लिहून काढते, नाहीतर झोप लागणार नाही.

सकाळी हलगी वाजायला लागली, सगळे कोठीपुढे जमले. डावीकडे आमची माणसं, उजवीकडे त्यांची. मामा आणि आप्पा किल्ल्या घेऊन पुढे झाले. मी म्हटलं, थांबा. आवाज इतका बारीक निघाला की पुजाऱ्याला हलगीवाल्याला हात करून थांबवावं लागलं.

मी सांगितलं. कुलपात दांडा अडवणारी पट्टी होती, मला ती नंतरचा जोड वाटली, मी ती काढली, आता हे कुलूप एकट्या डाव्या किल्लीनं उघडतं. माझी चूक आहे, मामांना यातलं काही माहीत नाही. बोलताना मी दाराच्या चौकटीकडे बघत होते, माणसांकडे बघायचं धाडस नव्हतं.

 मग आप्पा म्हणाले, "दाखव." मामांनी किल्ली माझ्या हातात दिली. त्यांचा हात थंडगार होता. मी डावी किल्ली घातली, फिरवली, कडी सुटली. उजव्या बाजूला एकदम कालवा झाला, आप्पांचा पुतण्या त्या वाकड्या हातानं बाह्या सरसावत पुढे आला. आमच्यातलेही दोघं-तिघं पुढे झाले. मला वाटलं, झालं.  आप्पांनी पुतण्याला नुसतं नाव घेऊन हाक मारली आणि तो थांबला. पुजाऱ्यानं आत जाऊन बघितलं. मुखवटा जागेवर होता.

मामांनी मला एकच विचारलं. "पट्टी कुठाय?"

मी सांगितलं, सत्यजीत बसवायला घेऊन गेला होता, त्याच्याकडून हरवली.

"आन् ती काढ म्हणून कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, कुणी नाही, मीच काढली. सत्यजीत फक्त म्हणाला होता की ती नंतरची दिसते.

मामा बराच वेळ सत्यजीतकडे बघत राहिले. तो खांबाला टेकून मोबाईल बघत होता. मग मामांनी माझ्या हातातून किल्ली घेतली, कपाळाला लावली आणि आप्पांपुढे धरली. "बबनराव, ही किल्ली आमच्या घरात ठिवण्याजोगी ऱ्हायली न्हाई. कुलूप नीट हुईस्तोवर दोन्ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

आप्पांना काय करावं कळेना. धाकट्या पातीच्या हातात दोन्ही किल्ल्या, हे कधी झालं नव्हतं. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मग म्हणाले, "हौसराव, पालखीला पयला खांदा आज तुमचा." पुतण्यानं मान खाली घातली. हलगी पुन्हा सुरू झाली.

भांडण झालं नाही. सगळे म्हणतात देवानं राखलं. पण माझ्या कानात मामांचं तेच वाक्य घुमतंय. आमच्या घरात ठेवण्याजोगी नाही. पोसलेल्या पोरीनं सगळ्या गावापुढे त्यांना मान खाली घालायला लावली. सत्यजीत जेवायलाही थांबला नाही, त्या पुण्याच्या गृहस्थाच्या गाडीतून निघून गेला. माझ्यामुळे त्याच्याही तोंडचा घास गेला. आणि मी निघाले तेव्हा मामा ओट्यावर पाठ करून बसले होते. ये म्हणाले नाहीत.

गुरुवार, २४ एप्रिल

मामांचा फोन नाही. मीही केला नाही. सुमितनं करून बघ म्हटलं, पण आता त्यांनी उचललाच नाही तर काय, ही भीती कुलपाच्या भीतीपेक्षा मोठी आहे. मागच्या खोलीतली कुलपं एका गोणीत भरून ठेवली.

रविवार, २७ एप्रिल

काल आप्पा स्वतः कुलूप घेऊन आले, थोरल्या पातीचे दोन जण बरोबर होते. सगळ्यांसमोर मी नवी पट्टी बसवली. एकेका किल्लीनं, मग दोन्हींनी, असं प्रत्येकाला स्वतः फिरवून बघायला लावलं. मामा त्यात नव्हते. मी विचारलं नाही.

आणि आज दुपारी दवाखान्याच्या दारात मामा उभे. एकटेच, एसटीनं आलेले. हातात पिशवी, पिशवीत त्यांच्या लोखंडी ट्रंकेचं जुनं कुलूप. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. शेवटी पाया पडले तर डोक्यावर हात ठेवला आणि तो उचलेचनात. मी रडले, अगदी लहान पोरीसारखी.

ट्रंकेत काय असतं ते मला माहीत आहे. गेलेल्या मामीचं डोरलं आणि जमिनीचे कागद. ते कुलूप वर्षानुवर्षं नुसतं अडकवलेलं असायचं, किल्ली कधीच हरवलेली. मामा म्हणाले, "ह्याला चांगली किल्ली कर. एकच कर. आन् ती तुझ्यापाशीच ठिव."

मी चिडवलं, घरात कोण चोर आहे का, मामा? वाटलं हसतील. ते माझ्या हातांकडे बघत होते. म्हणाले, "अनू, त्या दिवशी तू बोललीस म्हणून घर राखलं गेलं माझं." गाव राखलं म्हणायचं असेल त्यांना. मग टोपी घातली, चार घास खाऊन जा म्हटलं तरी थांबले नाहीत, दिवस मावळायच्या आत घरी पोचायचंय म्हणाले. घर एकटं टाकून आलोय, असंही म्हणाले.

किल्ली लगेच करायला घेतली. कानस चालवताना किती दिवसांनी हात स्थिर होता. माहेर तुटलं नाही, मामा माझ्यावर रागावलेले नाहीत, मी एवढ्यानंच सुखावले होते.

संध्याकाळी सत्यजीतचा फोन आला. पुण्याहून. आवाज अगदी गोड, नेहमीचा. ताई, राग सोडला ना, म्हणाला. मग विचारलं, आबा आले होते का गं तुझ्याकडं? ट्रंकेचं कुलूप घेऊन आले होते का? किल्ली कुणाकडं ठेवलीय?

किल्ली माझ्या मुठीत होती, कानशीनं अजून गरम. आणि मी म्हटलं, नाही रे, इकडे कुणीच आलं नाही.

त्याच्याशी मी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. तो 'बरं बरं' म्हणाला आणि फोन ठेवला. मी उठले, दवाखान्याचं दार आतून लावून घेतलं आणि मामा घरी पोचले का ते विचारायला फोन लावला. तो वाजतो आहे.